धूर लिहिला तो हिवाळा

दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले, की आमच्याकडचा धूर वर जायचं सोडून देतो. उन्हाळ्यात तो सरळ निघून जातो, पावसाळ्यात धुऊन निघतो. हिवाळ्यात मात्र सकाळी छपरांच्या उंचीवर येऊन थांबतो आणि ऊन चांगलं चढेपर्यंत हलत नाही. शेकोट्यांचा, वीटभट्ट्यांचा, दूरच्या चिमण्यांचा, सगळ्यांचा धूर त्या वेळी एक होऊन जातो. डॉक्टरांनी मला या दिवसांत सकाळी बाहेर पडायला मनाई केली आहे. मी भिलाईजवळच्या बोरसीतल्या आमच्या घरात खिडकीशी बसतो, आणि बसल्या बसल्या, काही न ठरवता, डोळे बारीक करून समोरच्या आभाळाला आकडा लावतो. दोन. नाही, अडीच.

ही सवय मला एका हिवाळ्यानं लावली. त्याला आता साठावर वर्षं झाली.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खोदलेली लाल माती, लोखंडाचे सांगाडे, आणि त्या सांगाड्यांवर मुंग्यांसारखी माणसं. बांधकामाला वीज लागायची, म्हणून एका ठेकेदारानं मरोदा गावाच्या अंगाला तात्पुरतं वीजघर घातलं होतं. पत्र्याची शेड, आत कोळशावर चालणारे तीन बायलर, आणि प्रत्येकाचं एक लोखंडी धुराडं. आज त्याची खूणही उरलेली नाही. मी तिथं कारकून म्हणून लागलो. वय बावीस, मॅट्रिक पास. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावातून, आमच्या वस्तीतून, मॅट्रिक झालेला पहिला मीच. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. निघताना बापानं एवढंच सांगितलं होतं, "तिथीसा तुह्या हातात कलम राहीन. खोटं लिवाले म्या तुले शिकवलं नाही."

वीजघराचे मोठे साहेब बंगाली होते. जाड चष्मा, अंगात कायम हातानं विणलेला तपकिरी स्वेटर. मार्गशीर्ष लागला तसं त्यांनी मला बोलावलं आणि एक पुठ्ठा हातात दिला. त्यावर काळ्या रेघांच्या जाळ्या छापल्या होत्या. पहिली विरळ, मग दाट, मग आणखी दाट. पुठ्ठा पन्नास पावलांवर बांबूला ठोकायचा. लांबून पाहिलं की रेघा दिसेनाशा होऊन नुसता राखाडी रंग दिसतो. धुराड्यातून निघणारा धूर त्यातल्या कोणत्या रंगाशी जुळतो, ते पाहायचं आणि आकडा लिहायचा. धूर दिसतच नसेल तर शून्य. काळाकुट्ट असेल तर पाच. दर पाव तासाला, तिन्ही धुराड्यांचा.

"काला धुआँ माने क्या, जानता है?" साहेब म्हणाले. "कोयला जला नहीं, उड़ गया."

कोळसा वाया जाऊ नये, एवढाच त्यात हिशोब होता. त्या धुराखाली कोणी राहतं, श्वास घेतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

वीजघरापासून थोडं दूर, मुरमाच्या एका टेकाडावर मला जागा दिली. ऊन पाठीशी राहील असं बसायचं, म्हणून सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला सरकायचं. सोबत वही, कचेरीनं दिलेलं घड्याळ, भाकरीचं फडकं. खाली हजारो माणसं काम करत होती. त्यांच्या हाका, हातोड्यांचे आवाज वर यायचे, पण बोललेलं काही ऐकू यायचं नाही. माणसांच्या आवाजात असूनही एक शब्द कळू नये, असं ते एकटेपण होतं. सकाळच्या थंडीत बोटं वळायची नाहीत. धुराला मात्र थंडी मानवायची. तो धुराड्यातून निघून थोडा वर जायचा, मग कोणी डोक्यावर हात ठेवल्यासारखा आडवा व्हायचा आणि मरोद्याच्या घरांवर उतरायचा.

त्या घरांतली एक म्हातारी माझ्या टेकाडाच्या पायथ्याशी खाटेवर वड्या वाळत घालायची. कोहळ्याच्या, उडदाच्या, तिच्या छत्तीसगढी बोलीत बरी. एक दिवस ती वर आली.

"का लिखत हस बाबू?"

"धुआँ," मी म्हणालो.

ती तोंडाला पदर लावून हसली. "धुआँ ला घलो लिखथें?" धूरही लिहितात का, असं तिचं म्हणणं. मग तिनं मूठ उघडून दाखवली. पांढऱ्या वड्यांवर काजळीचे ठिपके बसले होते. "मोर बरी करिया होगे. उहू ला लिख दे."

तिच्या वड्या काळ्या झाल्या तेही लिही, म्हणत होती. मी वही पाहिली. वेळेचा रकाना होता, तीन धुराड्यांचे तीन रकाने होते. वड्यांसाठी रकाना नव्हता. मी हसून वेळ मारून नेली. ती वड्या पदरानं पुसत खाली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं खाट दुसरीकडे नेली.

संध्याकाळी मी कामगारांच्या कॅम्प-एकमधल्या खोलीवर परतायचो. मातीच्या भिंती, वर कौलं. तिथं श्रावण असायचा.

श्रावण आमच्याच गावचा. कुणब्याचा मुलगा, चार एकरांचं धान, थोरल्या भावाशी पटेना म्हणून निघालेला. गावात त्यांच्या विहिरीवर आम्हांला पाणी नव्हतं. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, पण एका पट्टीवर कधी बसलो नाही. भिलाईला मात्र एकाच गाडीतून उतरलो, आणि खोली शोधताना तोच म्हणाला, "दोघं मिळून घेऊ ना. इथीसा कोण पाहून राहिलं?" तो दोन नंबरच्या बायलरवर फायरमन होता. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारायचा. घरी आला की त्याच्या भुवया तेवढ्या पांढऱ्या दिसायच्या, राखेनं. भात मी घालायचो, भाजी तो करायचा. एकाच भांड्यातून जेवायचो, एकाच माठातलं पाणी प्यायचो. या गोष्टीबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. मी रात्री झोपताना त्या गोष्टीचा विचार करायचो. तोही करत असावा.

माझी नात अस्मिता एका औष्णिक वीज केंद्रात प्रदूषणाच्या विभागात आहे. ती सुटीवर आली, की मी तिला हे सगळं सांगतो आणि ती ऐकूनही घेते. तिच्याकडे आता पुठ्ठा नाही. धुराड्यातच यंत्रं बसवलेली, आकडे आपोआप पडद्यावर येतात. राख विजेच्या जोरावर पत्र्यांना चिकटवून धुराड्याच्या अलीकडेच पकडतात. मागच्या वेळी तिनं विचारलं, "आजोबा, झिरो म्हणजे एकदम साफ?"

"हाव. काहीच दिसत नाही, तं शून्य."

"लेकिन कोयला तो जल रहा था ना?" ती म्हणाली. "जे दिसत नाही ना आजोबा, वही सबसे ज़्यादा निकलता है. कार्बन डायऑक्साइडला रंगच नसतो. कोयला जितका चांगला जळेल, उतना ज़्यादा. आन् राखेसारखा तो पकडता पण नाही येत."

 शून्य लिहिताना मला केवढा आनंद व्हायचा! स्वच्छ आभाळ, त्यात नुसती हवा थरथरल्यासारखी दिसायची, आणि मी वळणदार शून्य काढायचो. तेव्हा वाटायचं, आज कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडायला सुरुवात झाली ती पौषात. दोन नंबरचं धुराडं काळं ओकायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस. सकाळी दहाच्या सुमारास खाली सगळी यंत्रं सुरू व्हायची, विजेची मागणी वाढायची, आणि त्या धुराड्यातून जाड काळा धूर निघायचा तो दुपारपर्यंत. मी चार लिहायचो. कधी पाच. वही दर शनिवारी साहेबांकडे जायची. साहेबांनी श्रावणला एकदा बोलावलं, दुसऱ्यांदा बोलावलं.

बायलरवरची माणसं माझ्याशी बोलायची थांबली. चहाच्या टपरीवर मी गेलो की बाकावर जागा असूनही नसायची. कोणीतरी माझं नाव 'सीआयडी' पाडलं. मी चहा उभ्यानं घ्यायचो, मग टपरीवर जायचंच सोडून दिलं.

एका रविवारी सकाळी श्रावण खोलीच्या दारात उन्हाला बसला होता. मी तांदूळ निवडत होतो. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चारच्या जागी दोन लिवजो ना."

"श्रावण…"

"म्या काही कामचोरी करून राहिलो का? पातळ थर टाकतो, दार लवकर लावतो. जसं शिकवलं तसंच करतो. तरी काळा येते. कावून येते, मले काय मालूम?" तो थांबला. "दोन लिवलं तं कोण वर चढून पाहणार हाय?"

मी तांदूळ निवडत राहिलो.  माझ्या घरात माझ्याआधी कोणाच्या अक्षरावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आमचे अंगठे घेतले जायचे, आणि वर काय लिहिलंय ते आम्हांला वाचून दाखवलं जायचं, लिहिलेलं असेल तसंच दाखवलं जाईल असं नाही. आता एक साहेब माझ्या आकड्यावर माणसं बोलावत होता. तो आकडा मी खोटा लिहिला, तर माझ्याजवळ दुसरं काही उरत नव्हतं. हे श्रावणला कसं सांगणार? त्याच्या घरी सात-बारा होता, वाचता येणारे काका होते.

"नाही लिवता येत मले," एवढंच मी म्हणालो.

तो उठला आणि नळावर गेला.

पुढच्या शनिवारी साहेबांनी त्याला बायलरवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. उघड्यावर, घण घेऊन कोळशाच्या ढेपा फोडायचं काम. त्या संध्याकाळी मी खोलीवर आलो, तेव्हा कोपऱ्यात नवा माठ दिसला. श्रावणनं बाजारातून आणला होता. त्यावर त्यानं पितळी झाकण ठेवलं होतं आणि शेजारी त्याचा एकट्याचा पेला. चूल एकच होती. त्यानं आपला भात आधी करून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला.

भांडला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर मीही दिली असती.  हा माठ धुरापायी वेगळा झाला, की गावच्या विहिरीपायी, हे मला विचारायचं होतं. विचारण्याची भीती वाटली. जे उत्तर आलं असतं, ते घेऊन त्या खोलीत राहायचं होतं. आम्ही पंधरा-वीस दिवस तसेच राहिलो, चार हातांच्या अंतरावर दोन घोंगड्या टाकून, दोघंही जागे असलो तरी झोपल्यासारखे. त्याला खोकला लागला होता. तो बाहेर जाऊन खोकायचा.

टेकाडावर आता मला धुराखेरीज सोबत नव्हती. वेळ जावा म्हणून मी जुनी पानं चाळायचो. एक दिवस चाळता चाळता एका आठवड्याशी थांबलो. पौषातच, श्रावण आई आजारी पडली म्हणून आठ दिवस गावी गेला होता. त्याच्या जागी दुसरा फायरमन होता. आणि त्या आठ दिवसांतही दोन नंबरच्या रकान्यात, दहा ते बारा, चार, चार, पाच, चार. मी पुढची पानं पाहिली. श्रावण यार्डात गेल्यानंतरची. तेच. वेळ तीच, आकडा तोच, माणूस वेगळा.

 मी वेळ संपायची वाट न पाहता वही घेऊन खाली उतरलो. साहेब शेडमध्ये होते.

"साहेब, आदमी बदला, धुआँ नहीं बदला," मी म्हणालो, आणि पानं उलटून दाखवली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. "तुम पहले क्यों नहीं बोला?"

खरंच, का नाही? मी आकडे लिहीत होतो, वाचत नव्हतो. मला सांगितलं होतं तेवढंच केलं होतं, आणि त्याचाच अभिमान बाळगला होता.

दोन नंबरचा बायलर थंड केला गेला. भट्टीतून धुराड्याकडे जाणारी वाट उघडली, तर ती राखेनं निम्म्याहून जास्त बुजलेली. विजेची मागणी वाढली की आगीला पुरेसा वारा मिळत नव्हता, कोळसा अर्धवट जळत होता. कोणी कितीही पातळ थर टाकला असता तरी धूर काळाच आला असता. तीन दिवस माणसं टोपल्यांनी राख उपसत होती. चौथ्या दिवशी मी टेकाडावरून दोन नंबरला एक लिहिला. खाली पाहिलं, एवढ्या दुरून माणसं ओळखू येत नव्हती.

श्रावणला परत बायलरवर घेतलं. त्याच संध्याकाळी तो आपली घोंगडी, माठ आणि पेला घेऊन मरोद्याला दुसऱ्या खोलीत गेला. मी दारात उभा होतो.

"आता कावून चालला?" मी विचारलं. "झालं ना सगळं साफ."

"हाव, झालं," तो म्हणाला.  "तू खरंच लिवलं. तुह्यावर राग नाही मले." आणि गेला.

त्यानंतर खोलीत मी एकटाच राहिलो. माघातली थंडी. भात नेहमीच्या सवयीनं दोघांचा पडायचा. सकाळी उरलेला फोडणीला टाकायचो. कॅम्पात सगळीकडे माणसं, बंगाली, पंजाबी, तेलुगू, सगळ्यांच्या चुली एकाच वेळी पेटायच्या, आणि त्या धुरात माझं मराठी ऐकायला कोणी नव्हतं.

वीजघर पुढे मोडलं. साहेब बदलून गेले. मी रेल्वेत मालधक्क्यावर लागलो, लग्न केलं, बोरसीत घर बांधलं. श्रावण निरनिराळ्या ठेकेदारांकडे कोळशाचंच काम करत राहिला. आम्ही बाजारात, लग्नात, कधी गावाकडच्या गाडीत भेटायचो.

"बरं हाय ना?"

"बरं हाय. तुह्यं?"

"बरं हाय."

असं चाळीस वर्षं.

वीसेक वर्षांपूर्वी, अशाच एका हिवाळ्याच्या तोंडाशी, त्याच्या मुलाचा निरोप आला. बाबाला दम लागतो, तुमची आठवण काढतात. मी मरोद्याला गेलो. श्रावण अंगणात खाटेवर बसला होता, उशांना टेकून. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर विडीला दोष देत होते, सून कोळशाला. मला पाहून तो हसला. सून चहा ठेवून आत गेली. इतकी वर्षं जे माझ्या घशात होतं, ते मी विचारून टाकलं. या वयात आता कोणत्या उत्तराला भ्यायचं?

"श्रावण, तो माठ कावून वेगळा केला होता?"

त्याला 'कोणता माठ' म्हणायची गरज पडली नाही. तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला.

"पयल्या दिवशी राग होता," तो म्हणाला. "मंग खोकला लागला. काळं पडे थुंकीत. मले वाटे टीबीच हाय. तुले लागू नये म्हून तसाच राहू देला. खोली सोडली तेबी त्याच्याच पायी."

"आन् तिसरं काही?"

आमच्या मधून एक कोंबडी चालत गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तिसरं मायनं सांगतलं होतं, गावाहून निघतानी. त्यायच्या हातचं पाणी पेजो नोको. म्या ते पाळलं नाही कधी." तो खोकला, थांबला. "पण त्या दिवशी, राग आला तवा, माठ वेगळा कराचं कसं सुचलं मले? दुसरं काही नाही सुचलं. तेच सुचलं. ते सोपं पडलं."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी उठून जाईन. गेलो नाही. उलट छातीवरचं काहीतरी हललं. एवढ्या वर्षांत आमच्या गावच्या कोणी माणसानं मला याबद्दल इतकं खरं सांगितलं नव्हतं. राग आला, आणि रागाबरोबर तो माझ्याशेजारी बसला आहे याचं बरंही वाटलं. दोन्ही तसंच राहिलं. आज तो नाही, तरी दोन्ही तसंच आहे.

"लय वर्स वाया गेले," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणालो.

त्यानंतर फाल्गुनापर्यंत मी दर रविवारी जात होतो. ती गोष्ट पुन्हा काढली नाही. अंगणात उन्हाला बसायचो. सून एका ताटात मुरमुरे आणि हिरव्या मिरच्या आणून ठेवायची, आणि आम्ही त्या एकाच ताटातून खायचो. तो थोडं, मी जास्त. मरोद्याच्या घरांवर धूर आडवा पडलेला असायचा, पलीकडचं झाड धड दिसायचं नाही. श्रावण दर रविवारी डोकं मागं टेकवून वर पाहायचा आणि म्हणायचा, "आज हावा चांगली हाय, नाही?"

"हाव," मी म्हणायचो. "आज चांगली हाय."